न्यू टाउनचा मोठा चंद्र

कोजागरीच्या संध्याकाळी कोलकात्याच्या न्यू टाउनमध्ये असाल, तर सूर्य मावळायच्या सुमारास इको पार्कच्या तळ्याकाठी जा आणि पूर्वेकडे तोंड करून उभे राहा. आपल्याकडे त्या रात्री दूध आटवतात. बंगालमध्ये घरोघरी लक्ष्मीपूजा असते आणि उंबऱ्यापासून देवघरापर्यंत तांदळाच्या पिठाच्या आलपनेत लक्ष्मीची पावलं काढलेली असतात. अशा वेळी दूरच्या इमारतींच्या रांगेमागून चंद्र वर येतो. केवढा तो! वाटतं, एका इमारतीची अख्खी रुंदी व्यापून बसेल.

मग तुम्ही मोबाइल काढता आणि फोटो घेता. फोटोत काय येतं? एक पांढरा ठिपका. हा अपेक्षाभंग झाला नाही असा माणूस मला अजून भेटायचाय. आपण कॅमेऱ्याला नावं ठेवतो, ‘झूम’ नाही म्हणून हळहळतो. कॅमेरा मात्र अगदी बरोबर असतो.

पडताळा घ्यायचाय? हात पूर्ण लांब करा आणि करंगळीचं नख चंद्रासमोर धरा. एवढा मोठा चंद्र गायब! चंद्राची रुंदी आकाशात फक्त अर्ध्या अंशाची असते आणि लांबवलेल्या हातावरची करंगळी साधारण एक अंश झाकते. मध्यरात्री चंद्र डोक्यावर येऊन नेहमीसारखा छोटा दिसायला लागला की तीच करंगळी पुन्हा धरा. तितकाच झाकला जाईल. गंमत म्हणजे क्षितिजावरचा चंद्र काटेकोर मोजला तर किंचित लहानच भरतो, कारण तेव्हा तो आपल्यापासून जवळजवळ पृथ्वीच्या त्रिज्येइतका, म्हणजे ६,४०० किलोमीटरपर्यंत जास्त लांब असतो.

‘हवा भिंगासारखी काम करते,’ हे उत्तर शाळेपासून ऐकलेलं असतं. हवा चंद्राला तांबूस करते, वरून-खालून थोडा चेपतेही; पण फुगवत नाही. हजारएक वर्षांपूर्वी बसऱ्यात जन्मलेल्या आणि कैरोत काम केलेल्या इब्न अल-हैथमनं आपल्या प्रकाशशास्त्राच्या ग्रंथात हा सगळा मामला आकाशातून काढून पाहणाऱ्याच्या डोक्यात नेऊन ठेवला. क्षितिजावरच्या चंद्राच्या आणि आपल्या मध्ये झाडं, घरं, जमीन असते, म्हणून तो लांब वाटतो. लांब असूनही डोळ्यात एवढी जागा व्यापतोय, तर मोठाच असणार, असा हिशेब मन करतं. या स्पष्टीकरणावर आजही वाद आहेत, कारण लोकांना विचारलं तर बरेच जण म्हणतात की क्षितिजावरचा चंद्र जवळ आल्यासारखा वाटतो. पण दिशा इब्न अल-हैथमनं दाखवली ती कायम राहिली: घोटाळा आत आहे.

आत म्हणजे नेमका कुठे? न्यू टाउनसारख्या गावात हा प्रश्न विचारायला विशेष मजा येते.

कारण हे गाव पट्टी लावून आखलेलं आहे. १९९९ मध्ये पश्चिम बंगाल सरकारनं हिडको नावाचं महामंडळ काढलं आणि राजारहाटच्या भातखाचरांवर, नारळीच्या बागांवर आणि ‘भेरी’ म्हणजे मासे वाढवायच्या उथळ तळ्यांवर एक नवं शहर वसवायला घेतलं. ॲक्शन एरिया एक, दोन, तीन अशी त्याच्या भागांची नावं. मधून विमानतळाकडे जाणारा रुंद हमरस्ता: कागदोपत्री आधी मेजर आर्टेरियल रोड, आता विश्व बांगला सरणी. उत्तर कोलकात्याच्या वाकड्या गल्ल्यांतून इथं आलं की रस्त्याच्या दोन कडा, मधला दुभाजक, दिव्यांचे खांब, सगळं दूर एका बिंदूकडे धावताना दिसतं.

अशा एखाद्या लांब रस्त्याचा फोटो घ्या. त्यावर अगदी सारख्या लांबीच्या दोन आडव्या पट्ट्या ठेवा, एक खाली, एक वर, जिथं रस्ता अरुंद होत जातो तिथं. वरची पट्टी लांब दिसेल. मोजा, सारख्याच आहेत. पुन्हा पाहा, तरी वरची लांब! इटलीच्या मारिओ पाँझोच्या नावानं हा भ्रम ओळखला जातो. माहीत झाल्यावरही तो जात नाही, हे मला त्यातलं सगळ्यात विलक्षण वाटतं. तुमची पट्टी सांगते ‘सारख्या’, तुमची बुद्धी म्हणते ‘मान्य’, आणि तुमची दृष्टी दोघींना जुमानत नाही.

आता या दोन पट्ट्यांचा डोळ्यापासून पुढचा प्रवास पाहू.

डोळ्याच्या मागच्या भिंतीवर, दृष्टिपटलावर, दोन्ही पट्ट्यांच्या प्रतिमा सारख्या लांबीच्या पडतात. तिथं मंद उजेडात काम करणाऱ्या सुमारे १२ कोटी पेशी आणि रंग ओळखणाऱ्या सुमारे ६० लाख पेशी वाट पाहत असतात. पण डोळ्यातून मेंदूकडे जाणाऱ्या मज्जातंतूत तंतू किती? फक्त दहा लाखांच्या आसपास. म्हणजे मेंदूपर्यंत जे पोचतं ते चित्र नसतंच, तो आधीच काटछाट केलेला सारांश असतो. हे तंतू मेंदूच्या मध्यभागी थॅलॅमसमध्ये एक थांबा घेतात आणि तिथून पुढे थेट डोक्याच्या मागच्या टोकाला जातात. मानेच्या वर, जिथं कवटीचा उंचवटा हाताला लागतो, त्याच्या आत व्हिज्युअल कॉर्टेक्सचं पहिलं दालन आहे. शास्त्रज्ञ त्याला व्ही-वन म्हणतात. डोळे पुढे आणि पाहायची जागा पार मागे! मेंदूची रचना कुणा वास्तुविशारदाकडे सोपवली असती तर त्यानं हे कधीच केलं नसतं.

या दालनात जगाचा नकाशा असतो, हे कसं कळलं असेल? बंदुकीच्या गोळ्यांमुळे. १९०४-०५ च्या रशिया-जपान युद्धात वापरलेल्या रायफलींच्या गोळ्या बारीक आणि वेगवान होत्या. त्या डोक्यातून आरपार जात आणि काही सैनिक तरीही जगत. तात्सुजी इनोये या तरुण जपानी नेत्रवैद्याकडे अशा सैनिकांची तपासणी आली. गोळी कुठून शिरली, कुठून बाहेर पडली आणि सैनिकाच्या नजरेतला कोणता तुकडा नाहीसा झाला, हे त्यानं जुळवलं आणि १९०९ मध्ये नकाशा प्रसिद्ध केला. बाहेरच्या जगात शेजारी असलेले दोन बिंदू व्ही-वनमध्येही शेजारीच असतात. फक्त नकाशाचं प्रमाण विचित्र आहे. आपण जिथं रोखून पाहतो त्या एवढ्याशा भागाला अवाढव्य जागा दिलेली आणि कडेच्या विस्तीर्ण प्रदेशाची कोपऱ्यात बोळवण.

या नकाशातल्या पेशी नेमकं काय बघतात? १९५८ मध्ये डेव्हिड ह्यूबेल आणि टॉर्स्टन वीझल बाल्टिमोरमध्ये एका मांजरीच्या व्ही-वनमधल्या एकेका पेशीत सुईसारखं इलेक्ट्रोड घालून बसले होते. पडद्यावर ठिपके दाखवत होते, काळे, पांढरे. पेशी ढिम्म. तासन् तास गेले. अचानक पेशी तडतडायला लागली! कशानं? ठिपक्यानं नाही. प्रोजेक्टरमध्ये काच सरकवताना काचेच्या कडेची फिकट सावली पडद्यावरून एका रेघेसारखी सरकली होती आणि पेशीला हवी होती ती रेघ, आणि तीही ठराविक कोनातली. शेजारच्या पेशीला थोडी तिरपी रेघ हवी, तिच्या शेजारणीला आणखी तिरपी. जग पाहायला बसलेला मेंदू सगळ्यात आधी रेघा मोजतो. १९८१ मध्ये दोघांना नोबेल मिळालं.

तर आता प्रश्न असा. व्ही-वन हा डोळ्यातल्या प्रतिमेचा नकाशा आहे. दोन पट्ट्यांच्या प्रतिमा डोळ्यात सारख्या आहेत. म्हणजे नकाशावरही त्यांनी सारखीच जागा घ्यायला हवी आणि ‘वरची मोठी’ हा निकाल पुढच्या कुठल्या तरी शहाण्या दालनात लागायला हवा. बरोबर? बहुतेकांना असंच वाटायचं.

२००६ मध्ये स्कॉट मरे, हुसेयिन बोयाजी आणि डॅनिएल कर्स्टन यांनी हे तपासलं. त्यांनी एका लांब बोळाचं चित्र केलं आणि त्यात दोन चेंडू ठेवले, एक जवळ, एक लांब. दोन्हींचा डोळ्यातला आकार एकच. पण लांबचा साहजिकच मोठा वाटायचा. मेंदूचा कोणता भाग सक्रिय आहे ते टिपणाऱ्या एफएमआरआय यंत्रात झोपलेल्या लोकांना हे चेंडू दाखवून व्ही-वनचा किती भाग सक्रिय होतो ते मोजलं. मोठा वाटणारा चेंडू व्ही-वनमध्येही जास्त जागा व्यापत होता! पहिल्याच दालनात, जिथं नुसत्या रेघा मोजायच्या, तिथं चेंडू फुगलेला होता. डोळ्यानं पाठवला होता त्यापेक्षा मोठा.

हे कसं शक्य आहे? बोळ आहे, खोली आहे, चेंडू लांब आहे हे समजायला पुढची दालनं लागतात. त्यांचा निकाल मागे येऊन पहिल्या नकाशात दुरुस्ती करत असला पाहिजे. दोन वर्षांनी याच गटातल्या संशोधकांनी आणखी एक युक्ती केली. लोकांचं लक्ष दुसऱ्याच एका किचकट कामात गुंतवून ठेवलं, तर व्ही-वनमधला हा फुगवटा कमी झाला. लक्ष उडालं की वरचे हुकूमही पातळ होतात.

आणि अशा हुकुमांसाठी तारा आहेत का? आहेत, आणि त्यांची संख्या ऐकून मला तरी पहिल्यांदा खरं वाटलं नव्हतं. थॅलॅमसमधल्या त्या थांब्यावर जी जोडणी येते, तिच्यातली डोळ्याकडून येणारी जेमतेम ५ ते १० टक्के. बाकीची मेंदूतूनच येते आणि तिच्यातला मोठा वाटा व्हिज्युअल कॉर्टेक्सकडून उलटा येणारा. डोळा काय म्हणतो ते ऐकायच्या जागी मेंदूचीच बडबड जास्त!

२०११ मध्ये लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या श्वार्त्सकॉफ, साँग आणि रीस यांनी याहून अचंबित करणारी गोष्ट दाखवली. व्ही-वनचं क्षेत्रफळ माणसामाणसात कमालीचं वेगळं असतं, अगदी तिप्पट फरकापर्यंत. त्यांनी ३० जणांचं व्ही-वन मोजलं आणि त्यांना पाँझोसारखे भ्रम दाखवले. ज्यांचं व्ही-वन लहान, त्यांना भ्रम जास्त झाला. म्हणजे त्या तळ्याकाठी तुम्ही आणि तुमची मैत्रीण शेजारी उभ्या राहून ‘केवढा मोठा!’ म्हणाल, तेव्हा दोघींचा ‘केवढा’ कदाचित एक नसेल. दोघींच्या कवटीत मागे किती चौरस सेंटिमीटर जागा आहे, यावरही ते ठरेल.

बरं, मेंदूला हे सगळं शिकवलं कुणी? कडा जवळ येत गेल्या की अंतर वाढत जातं, हा नियम आपण जन्मतः घेऊन येतो की सरळ रस्ते आणि चौकोनी खोल्या पाहून शिकतो?

इथं न्यू टाउनचा प्रश्न भलताच रंगतो. भेरीच्या काठी, वाकड्या बांधांमध्ये आणि गवताच्या छपराखाली वाढलेलं पोर आणि आज ॲक्शन एरियातल्या अठराव्या मजल्यावर, काटकोनांच्या गराड्यात वाढणारं पोर: दोघांना पट्ट्या वेगळ्या दिसतील का?

या वादाची सुरुवात भारतातही झाली. डब्ल्यू. एच. आर. रिव्हर्स नावाचा केंब्रिजचा डॉक्टर १८९८ मध्ये ऑस्ट्रेलियाजवळच्या टोरेस सामुद्रधुनीतल्या बेटांवर गेला होता आणि नंतर निलगिरीत तोडा लोकांमध्ये आला. बरोबर त्यानं म्युलर-लायर भ्रम आणला होता. तुम्ही तो पाहिलेला आहे: दोन सारख्या रेघा, एकीच्या टोकांना आत वळलेले बाण, दुसरीच्या टोकांना बाहेर फाकलेले, दुसरी लांब वाटते. १९०५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निष्कर्षांत रिव्हर्सनं लिहिलं की तोडा माणसं या भ्रमाला इंग्रजांपेक्षा कमी फसतात. तोडांच्या पारंपरिक झोपड्या बांबू-वेताच्या, आडव्या पिंपासारख्या अर्धगोल. साम्राज्याच्या त्या काळात ‘सुसंस्कृत’ म्हणवणाऱ्यांनाच जास्त फसवणारी ही चाचणी त्यांना कशी पचली असेल, याचं मला फार कुतूहल आहे.

१९६६ मध्ये सीगल, कँपबेल आणि हर्सकोविट्स या अमेरिकनांनी अनेक समाजांमधून माहिती गोळा करून पुस्तक काढलं. शिकागोजवळच्या एव्हन्स्टनचे लोक सगळ्यात जास्त फसले आणि आफ्रिकेतल्या कलहारी वाळवंटातले सान लोक जवळजवळ फसलेच नाहीत. त्यांनी मांडणी केली: सुतारानं घडवलेल्या जगात, भिंतींच्या कोपऱ्यांमध्ये वाढलेला मेंदू अशा रेघांमध्ये अंतर वाचायला शिकतो. आत वळलेले बाण म्हणजे इमारतीचा पुढे आलेला कोपरा, फाकलेले बाण म्हणजे खोलीचा दूरचा कोपरा. ही मांडणी इतकी गोड आहे की ती पाठ्यपुस्तकांत पन्नास वर्षं निवांत बसली.

मग दिल्लीत पट्टी सुटली. शब्दशः.

मॅसॅच्युसेट्सच्या एमआयटीतले पवन सिन्हा यांनी सुरू केलेल्या ‘प्रोजेक्ट प्रकाश’मध्ये जन्मापासून मोतीबिंदू असलेल्या मुलांवर दिल्लीच्या डॉ. श्रॉफ्स चॅरिटी आय हॉस्पिटलमध्ये शस्त्रक्रिया होतात. अशी मुलं आपल्या देशात मोठ्या संख्येनं वर्षानुवर्षं उपचारांवाचून राहतात, हे लाजिरवाणंच आहे. पण त्यांना दृष्टी मिळण्याच्या क्षणी विज्ञानाच्या एका जुन्या प्रश्नाचं दार उघडतं. तपन गांधी, एमी कालिया, सुमा गणेश आणि सिन्हा यांनी आठ ते सोळा वर्षांच्या अशा नऊ मुलांना शस्त्रक्रियेनंतर ४८ तासांच्या आत पाँझो आणि म्युलर-लायरची चित्रं दाखवली. या मुलांनी आयुष्यात कधी दूर जाणारा रस्ता पाहिला नव्हता. खोलीचा कोपरा हाताला माहीत होता, डोळ्यांना नव्हता. ‘आधी शिकावं लागतं’ हे खरं असेल तर ही मुलं फसायलाच नकोत.

ती फसली. दोन्ही भ्रमांना. लहानपणापासून पाहत आलेल्यांसारखीच.

२०१५ मध्ये हा निबंध प्रसिद्ध झाला. मी तो वाचला तेव्हा बराच वेळ पुढचं पान उलटलंच नाही. जगाकडे पाहण्याचा धड दोन दिवसांचाही अनुभव नाही आणि रेघांमध्ये दडलेल्या अंतराचा हिशेब तयार! त्यात भर म्हणजे जन्मापासून अंध असलेल्यांना म्युलर-लायरच्या उठावदार रेघा बोटांनी चाचपायला दिल्या, तर त्यांच्या बोटांनाही एक लांब आणि दुसरी आखूड लागते. मग तोडांचं काय? रिव्हर्सचं मोजमाप चुकलं, की चाचणीतला प्रश्न वेगळा समजला गेला, की शिक्षणानं फक्त भ्रमाची मात्रा बदलते? भांडण अजून चालू आहे. माझा कौल विचाराल तर यंत्रणा जन्मतःची आणि तिची बारीक जुळणी परिसराची. न्यू टाउनचं पोर हा भ्रम सरळ रस्त्यांवरून शिकलेलं नाही. सरळ रस्त्यांनी त्याला तो सापडायला फार जागा दिल्या, एवढंच.

इथवरच्या गोष्टीत वरची दालनं खालच्यांना हुकूम देत होती. आता उलटी गंमत. पहिल्या पायरीवरच सुरू होणारी.

न्यू टाउनमध्ये किंवा शेजारच्या सेक्टर फाइव्हमध्ये एखादी अशी आयटी इमारत शोधा जिच्या दर्शनी भागावर गडद काचांचे चौकोन आणि मध्ये पांढऱ्या पट्ट्या आहेत. तिच्याकडे नजर टाका. पांढऱ्या पट्ट्या जिथं एकमेकींना छेदतात तिथं राखाडी डाग लुकलुकतात. एका डागावर नजर रोखा, तो पळाला! बाकीचे हसत राहतात. १८७० मध्ये जर्मन शरीरशास्त्रज्ञ लुडिमार हर्मान टिंडल या भौतिकशास्त्रज्ञाचं ध्वनीवरचं पुस्तक वाचत होता. पानावर चौकटीत मांडलेल्या आकृत्यांमध्ये त्याला हे डाग दिसले. पुस्तक आवाजाचं आणि शोध नजरेचा!

दृष्टिपटलातल्या पेशींचं वागणं चाळीतल्या शेजाऱ्यांसारखं आहे असं समजा: एकानं रेडिओ मोठा लावला की तो आजूबाजूच्यांना आपापला आवाज कमी करायला लावतो. ज्या पेशीवर लखलखीत प्रकाश पडतो ती शेजारणींना दाबते. नुसत्या पांढऱ्या पट्टीतल्या पेशीला दोन बाजूंनीच उजळ शेजार, पण छेदावरच्या पेशीला चारही बाजूंनी. म्हणून ती जास्त दबली जाते आणि तिथं करडं दिसतं. नजरेच्या मध्यभागी या पेशींची कार्यक्षेत्रं अगदी छोटी असतात, म्हणून रोखून पाहिलेला डाग नाहीसा होतो. या दाबादाबीचा उपयोग काय? कडा ठळक होतात. जिथं सलग एकच रंग आहे तिथली बातमी पाठवायचीच नाही, फरक आहे तिथली ओरडून सांगायची. दहा लाख तंतूंत जग कोंबायचं तर दुसरा मार्ग नाही.

पण निसर्ग एवढ्यावर सुटू देत नाही. काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या चित्रात काळ्या पट्टीचा एक तुकडा काढून तिथं करडा तुकडा ठेवा. त्याच्या दोन्ही लांब कडांना पांढरा शेजार, म्हणजे तो दबून गडद दिसायला हवा. दिसतो मात्र उजळ! १९७९ मध्ये मायकेल व्हाइटनं दाखवलेल्या या भ्रमानं साध्या शेजारधर्माची पंचाईत केली.

अशा उजेड-अंधाराच्या भ्रमांवर कोलकात्यात मोठं काम झालं आहे. न्यू टाउनला लागून असलेल्या सॉल्ट लेकमध्ये मेघनाद साहांच्या नावाची अणुभौतिकीची संस्था आहे. तिथले संदीप सरकार, कमलेश भौमिक आणि त्यांच्याबरोबर कुंतल घोष यांनी २००६ मध्ये एक गणिती नमुना मांडला. पेशीच्या मध्यभागी उत्तेजन, भोवती दाबणारं वलय, हे जुनंच होतं. त्यांनी त्याबाहेरच्या आणखी रुंद वलयाला हिशेबात घेतलं, जे दाबणाऱ्यांनाच दाबतं. दृष्टिपटलातल्या पेशींना असा दूरचा शेजार असतो हे प्रयोगांतून दिसलं होतंच. त्याच्यामुळे हे भ्रम कसे उमटू शकतील हे त्यांनी समीकरणांतून दाखवलं. अणूच्या गर्भाचा अभ्यास करणाऱ्या संस्थेत करड्या पट्टीचं कोडं सोडवायला बसणारी माणसं मला फार आवडतात.

हर्मानच्या डागांवरही शेवटचा शब्द लिहिलेला नाही. २००८ मध्ये हंगेरीच्या यानोश गायर आणि सहकाऱ्यांनी जाळीच्या रेघा थोड्या नागमोडी केल्या. छेद तेच, काळं-पांढरं तेच. डाग गेले! दाबादाबीच सगळं करत असती तर नागमोडीनं काय बिघडणार होतं? म्हणजे ठराविक कोनाच्या सरळ रेघा शोधणाऱ्या व्ही-वनच्या पेशींचाही यात हात असावा.

आणि आता बंगालची खरी जादू. कोलकात्याच्या उत्तरेला हुगळीकाठी चंदननगर आहे, एकेकाळची फ्रेंचांची वसाहत. जगद्धात्री पूजेत तिथली रोषणाई पाहायला लोटणारी गर्दी मोजता येणार नाही, आणि तिथले कारागीर दुर्गापूजेला कोलकात्याचे रस्ते उजळतात. श्रीधर दास हे या कलेतलं मोठं नाव. त्यांच्या बांबूच्या चौकटींवर मोर पिसारा फुलवतो, जहाज लाटांवर झुलतं. पण हे बारीक टुनी बल्ब तर जागेवरून हलत नाहीत! जुन्या पद्धतीत मागे एक रोलर फिरत असे, त्यावर तांब्याच्या पट्ट्या. पट्टीला तार टेकली की बल्बांची एक ओळ लागे, सुटली की विझे आणि पुढची लागे. आता ते काम एलईडी आणि इलेक्ट्रॉनिक नियंत्रक करतात. हलतं तेव्हाही काही नव्हतं, आताही नाही.

हा भ्रम फ्रँकफुर्टमध्ये माक्स वर्टहायमरनं मोजला आणि १९१२ मध्ये त्यावर निबंध प्रसिद्ध केला. दोन रेघा आलटून पालटून दाखवल्या. मधलं अंतर सेकंदाचा पाचवा भाग असलं तर एकापाठोपाठ दोन रेघा दिसतात. तिसाव्या भागाच्या आसपास आणलं तर दोन्ही एकदम. आणि साधारण ६० सहस्रांश सेकंदाला एकच रेघ इकडून तिकडे चालत जाते. त्याच १९१२ मध्ये दादासाहेब फाळके लंडनहून कॅमेरा घेऊन आले होते आणि दादरला एका कुंडीत वाटाणे पेरून दिवसामागून दिवस थोड्या थोड्या फ्रेम घेत होते. ‘अंकुराची वाढ’ नावाच्या त्या एवढ्याशा फिल्ममध्ये वाटाण्याचा वेल सरसर वर चढला आणि ती पाहणाऱ्यांच्या विश्वासावर ‘राजा हरिश्चंद्र’साठी पैसा उभा राहिला. एक माणूस गतीचा भ्रम कसा होतो ते शोधत होता, दुसरा त्याच्यावर आख्खा धंदा उभा करत होता, आणि दोघांना एकमेकांचा पत्ताही नव्हता!

मेंदूत यासाठी वेगळं दालन आहे, कानाच्या वर थोडं मागे: व्ही-फाइव्ह. तिथल्या पेशींना रंगाशी फारसं देणं-घेणं नाही, त्यांना दिशा आणि वेग हवा. गती खरी असो की चंदननगरची, हे दालन दोन्हींनी सक्रिय होतं. पण २००५ मध्ये लार्स मुक्ली आणि सहकाऱ्यांनी, पुन्हा फ्रँकफुर्टमध्येच, आणखी एक गोष्ट टिपली. आलटून पालटून लागणाऱ्या दोन चौकोनांच्या मधल्या जागेत, जिथं पडद्यावर काहीही नव्हतं, तिथल्या व्ही-वनच्या तुकड्यातही हालचाल होती. न घडलेल्या प्रवासाचा मार्ग पहिल्या नकाशावर काढलेला!

हे दालन बंद पडलं तर? म्युनिकमध्ये अशी एक बाई होती. मेंदूतल्या रक्तवाहिन्यांच्या आजारानं तिची दोन्ही बाजूंची ही जागा निकामी झाली होती. १९८३ मध्ये तिच्यावर निबंध प्रसिद्ध झाला. तिला रंग दिसत, चेहरे ओळखता येत, वस्तू नावानिशी सांगता येत. फक्त गती नव्हती. कपात चहा ओतताना धार तिला गोठलेल्या बर्फासारखी थिजलेली दिसे, आणि पातळी वाढताना दिसत नसल्यामुळे कुठे थांबायचं ते कळत नसे. खोलीत माणसं चालू लागली की ती आत्ता इथं, आत्ता तिथं. मधलं चालणं नाही. रस्ता ओलांडायचा तर लांब दिसलेली गाडी एकदम पुढ्यात. ती शेवटी कानांवर विसंबून ओलांडायला शिकली: आवाज वाढत गेला की गाडी जवळ येत आहे.